इटियाडोहातली कोरडी किल्ली

गाडीची किल्ली पाण्यात भिजू नये म्हणून काय काय करता येतं, याचा मी पुण्याहून निघण्याआधी आठवडाभर अभ्यास केला. गळ्यात अडकवायची एक पारदर्शक पिशवी आणली, तिच्यात कागदाचा बोळा आणि वजनासाठी एक जुनं कुलूप घालून ती रात्रभर बादलीत ठेवली. सकाळी बोळा ओला. दुसरी पिशवी आणली, तिच्यातलाही ओला. तिसऱ्या पिशवीतला बोळा कोरडा निघाला, पण ती पिशवी तळाशी जाऊन बसली होती. म्हणजे गळ्यातून निसटली तर किल्ली कोरडी राहणार, पण कायमची इटियाडोहच्या धरणात राहणार. आमची किल्ली बटणांची आहे. तिला पाणी लागलं की ती मरते, आणि नवी मिळायला आठवडे जातात, असं मी वाचलं होतं.

श्रीधर, म्हणजे माझा नवरा, हे सगळं न्हाणीघराच्या दारात उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "हरवलीच तर फोन कर. कपाटातली दुसरी किल्ली घेऊन रात्रीच्या रेल्वेत बसतो, दुसऱ्या संध्याकाळी गोंदियात." पुण्याहून थेट गोंदियाला जाणाऱ्या गाडीची वेळही त्याने बघून ठेवली होती. त्यात टोमणा नव्हता, आणि तीच अडचण होती. टोमण्याला उत्तर देता येतं.

मी एकावन्नाव्या वर्षी गाडी शिकले. त्याआधीच्या संसारात घराच्या, लॉकरच्या, अगदी सायकलच्याही किल्ल्या श्रीधरकडे असायच्या, कारण माझ्या हातून किल्ल्या हरवतात असं कधीतरी ठरून गेलं होतं. किती हरवल्या ते कुणी मोजलं नव्हतं. पुणे ते गोंदिया गाडी मी चालवणार हे नक्की झालं, तेव्हा मी मनाशी एकच गोष्ट पक्की केली. काहीही झालं तरी तो फोन करायचा नाही.

सोबत लताताई होत्या. श्रीधरची मोठी बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सारस पक्षी बघायचे होते आणि मला कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची छोटी होडी, चालवायची होती. दोन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यात मिळतात असं कळल्यावर आम्ही डिसेंबरात निघालो. ताई रोज संध्याकाळी सात वाजता भावाशी फोनवर बोलतात आणि आठला फोन बंद करून ठेवतात. शाळा सुटली तरी घंटा सुटलेली नाही.

कामठा

पोहोचण्यात दोन दिवस गेले. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की भंडाऱ्याच्या पुढे शेतांचा आकारच बदलतो. छोट्या छोट्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे, एकाला एक लागून पार रानापर्यंत. आम्ही गेलो तेव्हा कापणी झाली होती आणि धसकटांमधून लाखोळीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, कोवळं हिरवं वर येत होतं. एक पीक अजून पुरतं निघालं नाही तोवर दुसरं त्याच ओलीवर उगवतं. ताईंना ही काटकसर फार आवडली.

गोंदिया शहरात आम्ही मराठीत विचारायचो आणि उत्तर हिंदीत यायचं. त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कामठ्याच्या बाजूला गेलो, रस्त्याकडेला गाडी लावली आणि ताईंनी दुर्बीण काढली. समोरच्या बांधीत दोन सारस होते, जवळपास माझ्या उंचीचे, राखाडी, लाल डोक्याचे. बैलबंडी घेऊन चाललेला एक शेतकरी आमच्याजवळ थांबला.

"काऊन थांबल्या जी? गाडी बंद पडली का?"

"नाही. सारस बघतोय."

"थे तं रोजच येते." त्याने एकदा पक्ष्यांकडे आणि एकदा गाडीच्या नंबराकडे बघितलं. "पुण्याहून आल्या? ह्यासाठी?"

"हो."

"आन गाडी तुमीच चालवून राहिल्या?"

"हो."

त्याने थोडा विचार केला. "बराबर," तो म्हणाला आणि बंडी पुढे नेली. पुण्यात एवढ्या वेळात दोघांनी तरी मला गाडी कशी लावावी ते शिकवलं असतं. हा माणूस नुसती चौकशी करून गेला. मला तो आवडला.

ताईंनी तिथे दोन तास काढले. सारस चालतात तेव्हा प्रत्येक पाऊल बघून टाकतात, असं त्यांनी वहीत लिहून घेतलं.

इटियाडोह

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत इटियाडोहला पोहोचलो. धरण भरलेलं होतं. पलीकडे डोंगर, आणि पाण्यातून मधूनच वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले. धरण बांधलं तेव्हा बुडालेलं रान अजून तसंच उभं आहे. गावातल्या मच्छीमार बायकांच्या गटाने चार कयाक घेतल्या आहेत. त्यांची व्यवस्था कलाबाई बघतात. पन्नाशीच्या, कासोटा मारलेल्या आणि तोंडाने फटकळ. त्यांचा नवरा देवाजी तिथेच मोहाच्या झाडाखाली बसून जाळं नीट करत होता.

मी गळ्यात तिसरी पिशवी अडकवली आणि तिला थर्माकोलचा तुकडा बांधायला लागले. कलाबाई बघत राहिल्या.

"हे काय होय?"

"गाडीची किल्ली. भिजू नये म्हणून."

"पाण्यात नेताच कायले? त्या बाईजवळ देऊन द्या ना."

त्या बाई म्हणजे ताई. त्या बांधावर पाणपक्षी शोधायला निघाल्या होत्या आणि त्यांनी किल्ली मागितलीही होती. पण ताईंच्या हातात किल्ली दिली की मी पुन्हा मागून घेणारी झाले असते, आणि ती संध्याकाळी सातच्या बातम्यांत गेली असती. मी म्हटलं, ताई विसरभोळ्या आहेत. हे साफ खोटं होतं. ताई काही विसरत नाहीत.

कलाबाई झोपडीतून बिस्किटांची एक रिकामी, पांढरी प्लास्टिकची बरणी घेऊन आल्या. फिरकीच्या झाकणाची, आतलं काही दिसणार नाही अशी. "ह्यात ठेवा. आमी बिडी, माचिस, मोबाईल, सारं ह्यातच ठेवतो. डोंगा उलटला तरी तरंगते." मी झाकण लावून बरणी पाण्यात दाबून बघितली. टुणकन वर आली. एक आठवडा, तीन पिशव्या आणि एक कुलूप, आणि उत्तर बिस्किटांच्या बरणीत निघालं.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण किल्ली आत खडखडत होती आणि आपटून बटणं दाबली जातील असं मला वाटलं. म्हणून मी ती मोठ्या रुमालात गुंडाळली, वरून ताईंची लोकरी टोपी कोंबली आणि बरणी हलवून बघितली. अजिबात आवाज येत नव्हता. माझा फोन आधीच गाडीत ठेवून गाडी लॉक केलेली होती. कलाबाईंनी बरणी मोहाच्या बुंध्याशी सावलीत ठेवली. तेवढ्यात मासोळी घेणारा व्यापारी आला म्हणून त्या तिकडे गेल्या.

कयाकबद्दल मी फार सांगणार नाही, कारण मला ती फार चालवता आली नाही. पहिली दहा मिनिटं गोल फिरले. मग सरळ जायला लागले. बुडालेल्या झाडांमधून जाताना पाणी इतकं स्थिर होतं की झाडाचा शेंडा कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. मला खूप आनंद झाला. तो लिहायला दुसरे शब्द शोधत बसत नाही.

लांबवर देवाजी डोंग्यातून जाळं सोडत होता. जाळ्याची वरची दोरी तरंगत राहावी म्हणून तिला ठरावीक अंतरावर रिकाम्या बाटल्या आणि बरण्या बांधतात. शेवटची पांढरी बरणी त्याने पाण्यावर सोडली तेव्हा मी अगदी जवळून जात होते. उन्हात ती छान दिसत होती. फोटो काढायला फोन नाही याचं मला वाईट वाटलं. मी देवाजीला हात केला, त्यानेही केला, आणि हात करण्याच्या नादात माझी कयाक उलटली. पाणी बर्फासारखं होतं. अंगातल्या लाइफ जाकिटामुळे मी वर आले आणि नाकातोंडातलं पाणी काढताना पहिला विचार मनात आला तो हा, की किल्ली काठावर कोरडी आहे. मी स्वतःवर इतकी खूश झाले की थंडी विसरले.

काठावर आले तर मोहाच्या बुंध्याशी बरणी नव्हती.

पुढचं बोलणं फार लांबलं नाही. देवाजी डोंगा लावून वर आला. कलाबाईंनी त्याला विचारलं, "अथी बरणी ठेवली होती, पाहिली का?"

"थे? जाळ्याले लावली ना. एक कमी पडून राहिली होती."

"त्यात किल्ली होती ह्या बाईची!"

"मी तं हालवून पाहिलं," देवाजी म्हणाला. "काही वाजलं नाही. रिकामीच वाटली."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बरणी वाजू नये याची काळजी कुणी घेतली, हे मी त्यांना सांगितलं. न सांगता चाललं असतं, पण थंडीने दात वाजत होते आणि डोकं चालत नव्हतं.

ताईही आल्या. त्यांना सगळं कळल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "माझी टोपीसुद्धा?"

किल्ली हरवली नव्हती. ती धरणाच्या मध्ये, अगदी कोरडी, दोरीला बांधलेली होती. आणायला अर्धा तास लागला असता. मी देवाजीला विचारलं, आता जाऊन काढता येईल का.

त्याने डोंग्याकडे बघितलं. "काढू म्हणाल तं काढतो जी. पण माझ्या एकट्याचं जाळं नाही. पाच घरचं मिळून आहे. ही बरणी शेवटली, दोर ताणून तिच्यावरच अडकवला. सोडली तं सारा दोर ढिला पडते, मंग आजची मासोळी गेली." मग म्हणाला, "तुमाले थंडी वाजून राहिली. तुमी सांगा. काढतो."

पाच घरं. त्यांतली दोन माणसं तिथेच उभी होती. एकीकडे पाच घरांची मासोळी. दुसरीकडे श्रीधरला फोन. रात्री तो रेल्वेत बसला तर उद्या संध्याकाळी येईल. फोन केला नाही आणि सकाळी बरणी बुडालेली निघाली, तर आणखी एक दिवस जाईल आणि बोलायला माझ्याकडे तोंड राहणार नाही.

"सकाळी काढा," मी म्हटलं.

कलाबाईंनी मला घरी नेलं, आपलं कोरडं लुगडं दिलं आणि चुलीपुढे बसवलं. त्यांच्या घरापासून आमची गाडी दिसत होती. बांधावर एकटी उभी, आत माझे सगळे कपडे, स्वेटर आणि फोन. ताईंच्या गोळ्या मात्र त्यांच्या पर्समध्ये होत्या. मुख्याध्यापिका गोळ्या गाडीत ठेवत नाहीत.

दिवस मावळल्यावर जेवायला बसलो. जाड तांदळाचा वाफाळता भात, लाखोळीची भाजी आणि झिंगे घातलेलं वांग्याचं तिखट कालवण. इतकं तिखट की श्रीधर काही वेळ डोक्यातून गेला. मी सवयीने पोळीबद्दल विचारलं.

"पोळी कायले?" कलाबाई म्हणाल्या. "तब्येत बरी नाही का जी?"

आमच्याकडे आजारी माणसाला मऊ भात देतात. इथे धडधाकट माणूस भात खातो आणि पोळी आजाऱ्याची. मी दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा माझी तब्येत ठीक असल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

सात वाजले आणि ताईंचा फोन वाजला. माझा घास हातातच राहिला. आता सगळं ताईंच्या तोंडी होतं.

"हो, मजेत आहोत," ताई म्हणाल्या. "धरण छान आहे. गाडीसुद्धा छान उभी आहे. मीना? ती भात खातेय. हो हो, सांगते. बरं, ठेवते."

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी एक शब्द खोटा बोललेले नाही."

"ताई, तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तो आला असता, आणि उरलेला प्रवास त्याच्या वेळापत्रकाने झाला असता. मला अजून सारस बघायचेत." मग म्हणाल्या, "शाळेच्या किल्ल्या अठ्ठावीस वर्षं माझ्याकडे होत्या. एकदा हरवली. किल्लीच्या आधी सल्ले सापडले." त्यांनी ताटातला भात संपवला आणि आठ वाजता फोन बंद केला. लग्नानंतर इतक्या वर्षांनी मला नणंद आवडली, हे इथे सांगून टाकते. आधी आवडत नव्हती असं नाही. आधी भीती वाटायची.

उजाडताना देवाजीबरोबर मीही डोंग्यात बसले. पाण्यावर धुकं होतं. आदल्या दिवशी जिथे शेवटची बरणी चमकत होती, तिथे काहीच नव्हतं. देवाजीने दोर धरला आणि ओढला. दोर हलेना.

"वाऱ्यानं सरकलं," तो म्हणाला. "ठुंठ्यात अडकलं."

बुडालेल्या झाडाच्या ठुंठ्याभोवती जाळं गुंडाळलं गेलं होतं आणि टोकाच्या चार बाटल्या-बरण्या पाण्याखाली ओढल्या गेल्या होत्या. रात्रभर. मनातल्या मनात मी फोनवर काय बोलायचं ते जुळवायला लागले. देवाजी घाई करत नव्हता. एक गाठ, मग दुसरी. मध्येच मोठी मरळ निघाली, ती डोंग्यात टाकली. पुन्हा गाठ. एक बाटली वर आली, पाण्याने भरलेली. दुसरी, तीही भरलेली. तिसरी फुटलेली होती.

चौथी पांढरी होती. त्याने ती माझ्या मांडीवर ठेवली. झाकण माझ्याने उघडेना, त्याने उघडून दिलं. टोपी वरून थोडी दमट झाली होती. रुमाल कोरडा. किल्ली कोरडी.

काठावर पाचही घरांची माणसं गाडीभोवती जमली होती. मी बटण दाबलं. दिवे लागले, कुलूप खट्कन उघडलं.

"खुलली," एकजण म्हणाला आणि सगळे मासोळी वाटायला गेले.

मी दार उघडून फोन घेतला. श्रीधरचे अकरा फोन येऊन गेले होते. मी लावला, त्याने पहिल्याच घंटेला उचलला.

"मीना?" तो म्हणाला. "तू बोलतेयस?"

"हो. फोन गाडीत राहिला होता. किल्लीची जरा गडबड झाली होती, पण सापडली. सगळं ठीक आहे. तू कुठे आहेस? एवढा आवाज कसला?"

"रेल्वेत. जळगाव येईल आता." आणि फोन तुटला.

गोंदिया स्टेशन

मला राग आला, आणि तो दिवसभर टिकला. मी तो फोन केला नव्हता. तो करावा लागू नये म्हणून दुसऱ्याच्या लुगड्यात रात्र काढली होती, पाण्याखाली गेलेल्या बरण्या बघितल्या होत्या. आणि हा माणूस न बोलावता दुसरी किल्ली घेऊन निघाला होता. म्हणजे मी हरवणारच, हे त्याला आधीच माहीत होतं. ताई गोंदियाच्या खोलीत थांबल्या. "मी मध्ये पडत नाही," असं त्यांनी जाहीर केलं.

संध्याकाळी मी एकटी स्टेशनवर गेले. गाडीला उशीर होता. चहावाल्याने माझा चेहरा बघून विचारलं, "किसको लेने आए हो, दीदी?"

"नवऱ्याला."

"आधा घंटा लेट है. चाय पी लो, गुस्सा भी ठंडा हो जाएगा."

चहा थंड झाला. मी मनात एक वाक्य तयार केलं होतं, शांत आणि नेमकं. श्रीधर उतरला, हातात कापडी पिशवी, दाढी वाढलेली, डोळे लाल. तो काही बोलायच्या आत मी हात पुढे केला.

"आण ती दुसरी किल्ली."

त्याने पँटचे खिसे चाचपले. मग शर्टाचा. मग जागच्या जागी उभा राहून पुन्हा पँटचे.

"ती कपाटातच राहिली," तो म्हणाला.

"मग आलास कशाला?"

"अकरा फोन केले. तू एकही उचलला नाहीस. ताईने तुझ्याशी बोलू दिलं नाही आणि मला सांगते, गाडी छान उभी आहे. गाडी छान उभी आहे असं कधी कुणी सांगतं का? नंतर तिचाही फोन बंद." त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मला वाटलं, तू बुडालीस. ताईला सांगवत नाहीये."

रेल्वेची वेळ सांगावी तशा आवाजात तो हे बोलला. मी तयार केलेलं वाक्य मला आठवेना. मी त्याच्या हातातून पिशवी घेतली. ती हलकी होती. एवढ्या लांबच्या प्रवासाला निघताना त्याने आत एक टॉवेल आणि माझी शाल, एवढंच टाकलं होतं.

शाल मी तिथेच प्लॅटफॉर्मवर अंगावर घेतली. थंडी तशी फार नव्हती.